दाखल-खारीज

गावच्या शाळेचा इतिहास लिहायचा म्हटलं की आधी फोटो येतात. कोनशिलेचा, उद्घाटनाचा, फेटे बांधलेल्या पाहुण्यांचा, बोर्डात आलेल्या मुलाच्या सत्काराचा. आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे दिलं, तेव्हा माझ्या मोबाइलवरही असे फोटो धो धो येऊन पडले. ते सगळे मी जपून ठेवले आहेत. पण लिहायला बसले ती दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे कोण कधी शाळेत आलं आणि कधी गेलं त्याच्या वह्या, समोर घेऊन. फोटोत आहेत ते सगळे शिकून पुढे गेलेले लोक. जे मधेच शाळा सोडून वावरात गेले, त्यांचा फोटो कोणी काढला नाही. त्यांची नोंद या रजिस्टरांतच आहे, आणि जुन्या पानांवर संख्येनं तेच जास्त आहेत.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, नदीच्या अलीकडच्या काठाचं. इंग्रजांच्या काळात ही वर्धा नदी म्हणजे सरहद्द होती. पलीकडं वऱ्हाड, तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. अलीकडं मध्य प्रांत, इथं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करायचा. त्यामुळं आमच्याकडं शाळेची गोष्ट मालगुजाराच्या वाड्यापासून सुरू होते. वाड्याच्या ओसरीत चौथीपर्यंतची शाळा भरायची. पुढं मालगुजारांनी गावाबाहेरची पडीत जागा शाळेला तोंडी देऊन टाकली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, कागद फिरले, आणि त्या तोंडी दानाचा सातबारा शाळेच्या नावावर चढायला पुढची कितीतरी वर्षं गेली. गावातले म्हातारे सांगतात, इमारतीसाठी कापसाच्या दर बंडीमागं, म्हणजे बैलगाडीमागं, धर्मादाय कापला जायचा आणि त्यातून कवेलूंचं छप्पर उभं राहिलं. देणगीदारांच्या पाटीवर बंडीवाल्यांची नावं नाहीत. ती असायला हवी होती असं मला फार वाटतं.

शाळा कोणाची, हे रजिस्टरांवरचे शिक्के सांगतात. सगळ्यात जुन्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा गोल शिक्का, खाली ए. व्ही. (अँग्लो-व्हर्नाक्युलर) मिडल स्कूल. एका मास्तरांनी तो प्रत्येक पानावर इतका सरळ मारलाय की पट्टी लावून बघावी. मग १९४८ पासून जनपद सभा. मध्य प्रांत-वऱ्हाडात तेव्हा डिस्ट्रिक्ट कौन्सिलं मोडून तालुक्यावार जनपदं केली गेली. आमची म्हातारी माणसं आजही जिल्हा परिषदेच्या शाळेला ‘जनपदची शाळा’ म्हणतात. हायस्कूलचे वर्ग याच जनपदच्या काळात निघाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्याची रजिस्टरात काही खूण नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळा नेहमीसारखी भरली असणार. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शिक्का पुन्हा बदलला.

एक गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित नवी वाटेल. तिकडं खेड्यातलं हायस्कूल म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या शिक्षण संस्थेचं. आमच्याकडंही संस्था आहेत. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या तिनं शिकवल्या. पण जिल्हा परिषदेनं स्वतः चालवलेली हायस्कूलं विदर्भात भरपूर आहेत, आणि त्यातली काही जिल्ह्याचं नाक होती. चंद्रपूरचं ज्युबिली घ्या, भंडाऱ्याचं मन्रो घ्या. त्या शाळांवर लिहायला तिथले नामवंत विद्यार्थी आहेत. आमच्यासारख्या बाजारगावच्या हायस्कूलवर लिहायला कोणी नाही, म्हणून हे लिहिणं.

रजिस्टर उघडलं की आडवं मोठं पान. अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा, गाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता. मग खारीज तारीख, वर्तणूक आणि शेवटी सगळ्यात अरुंद रकाना: शाळा सोडल्याचे कारण. शाई निळी-काळी, टाकानं लिहिलेली; जिथं टाक पुन्हा दौतीत बुडवला तिथलं अक्षर ठळक. जन्मतारखांच्या रकान्यात १ जुलै, १ जुलै, १ जुलै. आईला विचारलं तर ती सांगणार, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ किंवा ‘तुरी फुलावर होत्या’. मास्तरांनी शाळेचं सत्र सुरू होण्याचा दिवस लिहून टाकला. अशा तारखेवर लोकांनी नोकऱ्या केल्या आणि त्याच तारखेच्या हिशोबानं निवृत्त झाले.

धंद्याच्या रकान्यात कास्तकार, मजुरी, सालदार, ढोरकी, तेली, न्हावी, शिंपी. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांचं ‘चांगली’. आणि कारणाचा रकाना वाचायला लागले की हात थांबतो.

शेतीकामाकरिता. ढोरं राखण्याकरिता. घरकामाकरिता. सतत गैरहजर, नाव कमी केले. पालकाच्या विनंतीवरून. लग्न झाल्यामुळे. मयत.

पन्नास-साठच्या दशकातली पानं मी महिन्यावार लावून बघितली. नावं कमी व्हायला दिवाळीनंतर सुरुवात होते आणि संक्रांतीपर्यंत रेघा चालूच राहतात. ज्यानं कापूस वेचलाय त्याला हे सांगावं लागत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, झालं, पहिला वेचा घरात आला, की घरातले सगळे हात वावरात लागतात. बोंड फुटलं की ते थांबत नाही. पोराची बोटं बारीक, बोंडातून कापूस झटकन सुटतो, आणि मजुराला वेचणीचे पैसे वजनावर मिळतात. दहा वर्षांचं पोर दोन महिने वर्गात नसतं. मग ते परत येतं तेव्हा अपूर्णांक पुढं गेलेले असतात. त्यानंतर एक दिवस लाल शाईची रेघ. मास्तरांनी ‘सतत गैरहजर’ लिहिलं ते खोटं नव्हतं. पण शाळेचं वर्ष आणि कापसाचं वर्ष एकमेकांवर आदळत होतं, हे लिहायला रकाना नव्हता.

आणि याच जिल्ह्यात त्याच्या आधीपासून शिक्षणाचा केवढा मोठा विचार चालला होता! २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हातानं करायच्या उद्योगाभोवती गुंफलेलं, असे ठराव झाले. झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि पुढच्या वर्षी सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघ आला. त्याची खूण आमच्या शाळेतही आहे. जडवस्तू रजिस्टरात एका पानावर टकळ्या आणि दोन पेटीचरखे नोंदलेत, आणि काही वर्षांनी त्यांच्यापुढं ‘निकामी’.

या शिक्षणाला नयी तालीम म्हणत. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हातानं काम करणाऱ्याला शाळेत मान मिळावा, हा विचार आजही आमच्या वर्गांत पोचलेला नाही. तरी गावच्या जुन्या कास्तकारांची बाजूही मला कळते. त्यांना शाळेत इंग्रजीचे वर्ग हवे होते. पोराला कापसाची ओळख शाळेनं करून द्यावी अशी त्यांची गरज नव्हती. ती ओळख त्याच्या बोटांच्या टोकांना होती, बोंडाच्या काट्यांनी चिरलेल्या. त्यांना पोराच्या हातात अर्ज लिहिण्याची ताकद हवी होती. पटवारी काय लिहून घेतो ते वाचता यावं, जिनिंगच्या बाबूनं दिलेली पावती कळावी, जमलं तर पुलगावच्या स्टेशनवर किंवा कचेरीत चिकटावं. सेवाग्राम आमच्यापासून बंडीच्या वाटेवर होतं. तरी गावानं जनपदकडं मागणी केली ती मॅट्रिकपर्यंतच्या वर्गांची. गाडगेबाबांची कीर्तनं ऐकलेली ही माणसं. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांनी एका निरक्षर माणसाच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं.

१९५६ च्या ऑक्टोबरनंतरची पानं वेगळी दिसतात. १४ तारखेला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. आमच्या भागातून लोक पायी, बंडीनं, रेल्वेनं गेले होते. पुढच्या जुलैपासून जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ यायला लागतं. एका ठिकाणी आधी लिहिलेलं खोडून वर ‘बौद्ध’ केलंय आणि बाजूला हेडमास्तरांची सही आहे. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती कारणाच्या रकान्यात. याच वस्तीतल्या मुलांच्या नावापुढं ‘शेतीकामाकरिता’ हळूहळू कमी होत जातं आणि ‘मॅट्रिक पास’, ‘पुढील शिक्षणाकरिता’ वाढत जातं. ज्यांच्याकडं वावर नव्हतं, त्यांनी शाळेला सगळ्यात घट्ट धरलं. फी हा मोठा अडसर होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. ती ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) नावानं सगळ्यांना ठाऊक झाली आणि इतर जातींतल्या गरीब कास्तकारांची पोरंही वरच्या वर्गांत टिकायला लागली.

मुलींची पानं मात्र बराच काळ तशीच राहतात.

त्यातलं एक नाव माझ्या आत्याचं आहे. आठवीत दाखल, आठवीतच खारीज, कारण ‘घरकामाकरिता’. आमचं मूळ गाव शाळेपासून दोन कोस. मधे नाला. तेव्हा त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूलसुद्धा नव्हता. पाऊस लागला की नाला उतरेपर्यंत अलीकडच्या पोरांनी अलीकडं बसायचं. मी आत्याला तिचं पान वाचून दाखवलं.

‘घरकाम तं मी सातवीतई करतच होती,’ ती म्हणाली. ‘पाच वाजता उठून दोन घागरी पानी, भाकरी, मंग शाळा. घरकामानं कायले सुटंल शाळा? एक दिवस नाल्याले पूर आला. आम्ही चार पोट्ट्या अंधार पडेपर्यंत पल्याडच बसून. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणे, आता राहू दे.’

त्या चारही मुली मी रजिस्टरात शोधल्या. एकाच आठवड्यात चौघींची नावं कमी झालीत. तिघींचं कारण घरकाम, एकीचं ‘पालकाच्या विनंतीवरून’. चौघींचा भाऊ किंवा चुलतभाऊ त्याच शाळेत मॅट्रिकपर्यंत गेला. तो नाला पोहून यायचा. पुढं रपटा झाला. तो झाल्यानंतरच्या वर्षांत त्याच गावच्या मुली आठवीच्या पुढं, नववीत, दहावीत दिसायला लागतात. मला कोणी विचारलं की आमच्या हायस्कूलच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची इमारत कोणती, तर मी त्या रपट्याकडं बोट दाखवीन. तो बांधकाम खात्यानं बांधला, शाळेच्या कोणत्याही अहवालात त्याचा उल्लेख नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. १९७२ चा दुष्काळ. १९७५ मध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी बोर्डाला बसली, तेव्हा वर्ग व्हरांड्यात भरले. कवेलू जाऊन स्लॅब आला. विज्ञानाचं कपाट, त्यातला मानवी सांगाडा, एन.सी.सी., स्नेहसंमेलनं. माझीही दहा वर्षं यातच गेली. ही सगळी माहिती स्मरणिकेत इतरांनी माझ्यापेक्षा चांगली लिहिली आहे.

दोन हजारनंतरची काही पानं मी वाचली आणि रजिस्टर मिटून ठेवलं. तिथं एका घरातली तीन भावंडं एकाच तारखेला खारीज झालेली दिसतात. आठवी, सहावी, पाचवी. कारण ‘पालकाचे स्थलांतर’. बापाच्या नावाआधी ‘कै.’ लागलंय. गाव छोटं आहे, त्यामुळं त्या वर्षी त्या घरात काय झालं ते मला माहीत आहे. आई तिघांना घेऊन माहेरी गेली. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर तेव्हा दिल्ली-मुंबईहून माणसं येऊन लिहून गेली, पॅकेजं जाहीर झाली. आमच्या शाळेच्या रजिस्टरात त्या सगळ्याच्या तीन ओळी आहेत, आणि त्या कोणाला मोजायच्या असतील तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचं कपाट उघडावं लागेल.

आज ही जुनी रजिस्टरं रोज उघडली जातात. जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. शाळेचे बाबू या तारखा झोपेतही सांगतील. आजा कुठं तरी दोन वर्ष शाळेत गेला होता एवढ्या आधारावर नातू येतो. मी तिथं बसले असताना एक म्हातारे नातवाला घेऊन आले. ‘माह्या बापाचं नाव निघालं का जी?’ बाबूंनी पान फिरवून दाखवलं. दुसरीत दाखल, तिसरीत खारीज, ढोरं राखण्याकरिता. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. नातवानं बोट ठेवून वाचलं. ते म्हणाले, ‘म्हणजे बुढा खरंच शाळेत गेला होता. आम्हाले वाटे, गोष्टी सांगते.’

ते गोवारी समाजाचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्यांतले. त्या समाजाला एका मास्तरानं काय लिहिलं याचं काय मोल असतं ते विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ आहे. नुसतं ‘गोवारी’ लिहिलेल्यांचं काय, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चा निघाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही वेगळे ठरवले. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी टाक हातात घेऊन बसलेल्या मास्तरांनी समोरचा बाप जे म्हणाला ते लिहून घेतलं असेल. आपण कोणाच्या नातवाचं काय लिहितो आहोत हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

म्हणूनच त्या रजिस्टरांची आजची अवस्था बघवत नाही. पानांच्या कडा विड्याच्या पानासारख्या करकरीत होऊन तुटतात. कोणीतरी चांगल्या हेतूनं चिकटपट्टी लावलीय, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघतेय. एका खंडाचा खालचा कोपरा वाळवीनं नेला. त्या कोपऱ्यात ज्यांची नावं होती त्यांच्या नातवंडांना आता दुसरा पुरावा शोधावा लागणार. चांगला स्कॅनर, दोन धीराचे हात आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढ्यात एका शाळेचं काम होतं.

आणि शाळा? सहा-सातशे मुलांची शाळा आज वर्गागणिक वीस-पंचवीसवर आलीय. ज्यांना परवडतं त्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या आजोबांनीच इंग्रजीचे वर्ग मागितले होते. पटावर पदं ठरतात. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट कमी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव निघाला, तेव्हा आसपासच्या गावांतल्या प्राथमिक शाळांना धडकी भरली. हायस्कूलची काळजी आणखी वेगळी आहे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो. नववीला तो हात सुटतो. नववीचा वर्ग जवळ असावा यासाठी पाच किलोमीटरचा निकष योजनेत आहे, पण तो हक्क नाही.

मुली कुठं थांबतात ते मी आत्ताच्या रजिस्टरातही बघितलं. आता ‘घरकामाकरिता’ कोणी लिहीत नाही. आठवी पास, दाखला नेला, पुढच्या शाळेत दाखल झाल्याची पोच आली नाही. गावात हायस्कूल आहे तिथं हे क्वचित दिसतं. आसपासच्या ज्या गावांना मुलींसाठीची निळी बस वेळेवर येते तिथंही क्वचित. जिथं बस दुपारी कधीतरी येते आणि शाळा सुटायच्या आधी निघून जाते, त्या गावांच्या पोचपावत्या आलेल्या नाहीत. नाल्यावर रपटा आहे, त्यावर डांबर आहे, पण अंतर आहेच. आमची नववी-दहावी उद्या तालुक्याला हलवली तर कागदावर कोणाचंच काही जाणार नाही. पलीकडच्या चार गावांतल्या मुलींचं जाईल, आणि ते कोणत्याही कारणाच्या रकान्यात दिसणार नाही.

स्मरणिकेच्या बैठकीत मी एक सुचवलं. आधी यादी फक्त दहावी पास झालेल्यांची छापायची होती. मी म्हटलं, दाखल झालेल्या सगळ्यांची छापू. एक वर्ष आलेल्यांची, तिसरीत सुटलेल्यांची, पूर आला म्हणून थांबलेल्यांची. पानं वाढतील, खर्च वाढेल, यावर बरीच चर्चा झाली. जात आणि कारण छापायचं नाही, नाव, गाव आणि दाखल झाल्याचं वर्ष एवढंच, असं ठरलं. एका निवृत्त गुरुजींनी जास्तीच्या पानांचा खर्च उचलला. मेळाव्याचं निमंत्रणही यादीतल्या जितक्यांचा पत्ता लागेल तितक्यांना जायचं आहे. आत्या आणि तिच्या मैत्रिणींपैकी एक येणार म्हणतात. बाकी दोघींच्या सासरचे पत्ते विचारणं चालू आहे. जनपदच्या काळापर्यंतची नावं टाइप होऊन झाली आहेत. वाळवी लागलेल्या खंडातली जेवढी वाचता येतात तेवढी बाबू आणि मी दिवाळीच्या सुट्टीत उतरवून काढणार आहोत.